परदेशात तिथली लहान मुलं टक लावून बघतात तेव्हा काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी दोन वर्षं जपानला निघालाय आणि तिथली पोरं परदेशी माणसाकडे बोट दाखवतात हे ऐकून जरा धास्तावलाय. मी नाशिकचा. अंबड एमआयडीसीतल्या कारखान्याने मला तीन वर्षं आइची प्रांतात पाठवलं होतं. पोरं बघतात, बोटही दाखवतात. पण आधी आमचा पराक्रम ऐका.

पाचवीत आमची सहल पांडवलेण्यांवर गेली होती. धापा टाकत पायऱ्या चढून वर गेलो, तर एका लेण्याच्या ओसरीत सोनेरी केसांची एक बाई वहीत खांबांची चित्रं काढत बसलेली. झालं! चाळीस पोरांचा गराडा आणि 'व्हॉट इज युवर नेम'चा गजर. एकाने तर हळूच तिच्या केसांना हात लावून पाहिला. तिने तीनदा वही उघडली, तीनदा मिटली, शेवटी हसत उठून पुढच्या लेण्यात गेली. आम्ही मागे आहोतच. सर ओरडले नसते तर तिला पार पायथ्यापर्यंत पोचवून आलो असतो.

त्यामुळे तिकडच्या पोरांवर रागवायचा मला फारसा हक्क नव्हता.

पहिल्याच आठवड्यात दुकानात भाजी निवडत होतो आणि मागून एक चिमुरडा ओरडला, "मामा! मामा!" मी आपला सवयीने वळलो. आपल्याकडे मामा म्हटलं की कोणीही वळतं. तो आईला हाक मारत होता. जपानीत पोरं आईला मामा म्हणतात. पुढचा शब्द मात्र माझ्यासाठी होता: "गाइजिन!" म्हणजे बाहेरचा माणूस. आई लाजेने अर्धी झाली, कमरेत वाकून माफी मागायला लागली, आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी त्याला हात हलवून 'कोन्निचिवा' म्हटलं, तर तो आईच्या मागे लपला. दोन मिनिटांनी मसाल्यांच्या फळीआडून पुन्हा डोकावला. बघण्याचा मामला एवढाच असतो.

नातं लावायची सवय मात्र अगदी आपल्यासारखी. अनोळखी पुरुष तरुण असेल तर 'ओनीसान', म्हणजे दादा. जरा पोक्त दिसला की 'ओजिसान', म्हणजे काका. मी एकोणतीस वर्षांचा होतो, तरी सगळी पोरं मला थेट काका म्हणायची. मिशी काढून पाहिली, उपयोग झाला नाही.

आता खरी काळजी कशाची घ्यायची ते सांगतो. ती पोरं शाळेत चालत जातात, बहुतेक ठिकाणी आईबापांशिवाय. पहिलीवाल्यांच्या दप्तरावर पिवळं आवरण असतं, बऱ्याच गावांत सहावीतला एखादा ताई-दादा पुढे राहून सगळ्यांची रांग नेतो. आणि पुष्कळांच्या दप्तराच्या पट्ट्याला एक छोटं यंत्र लटकलेलं असतं. त्याची दोरी ओढली की कानठळ्या बसतात. अनोळखी माणसाबद्दल त्यांना एक वाक्य घोकवलेलं असतं, 'इका नो ओसुशी'. शब्दशः अर्थ माकूळ माशाची सुशी. पण त्यातल्या अक्षरांत सूचना दडवल्यात: सोबत जायचं नाही, गाडीत बसायचं नाही, मोठ्याने ओरडायचं, लगेच पळायचं, मोठ्यांना सांगायचं.

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. घरून चिवडा आला होता. खालच्या मजल्यावरचा पोरगा, आठ-नऊ वर्षांचा, जिन्यात एकटा भेटला, म्हणून मी कौतुकाने पुडी पुढे केली आणि गालाला हात लावायला वाकलो. आपल्याकडे यात कोणाला काही वाटत नाही. त्याचा हात सरळ त्या दोरीवर गेला. ओढली नाही, पण नजर माझ्यावर रोखून एकेक पायरी मागे सरकत गेला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या आजीसमोर जाऊन मोडक्यातोडक्या जपानीत माफी मागितली आणि पुडी तिच्या हातात दिली. तिने आधी शेंगदाणे आहेत का ते विचारलं. पोरांना ॲलर्जी असू शकते, हेही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हा तुम्हीही खाऊ द्यायचा तर घरच्यांच्या हातात, गालगुच्चे बंद, आणि शाळेच्या रांगेचे फोटो चुकूनही नाहीत.

तोच पोरगा पुढे महिनाभराने आजीसोबत वर आला. त्याचे पाढे चालू होते. तिथे पाढे दुसरीत शिकवतात आणि नऊ नव्वे एक्याऐंशीला गाडी थांबते. भारतीयांना म्हणे एकोणिसापर्यंत सगळं तोंडपाठ असतं, असा तिकडे बऱ्याच जणांचा समज आहे. त्याने परीक्षा घेतली. सतरा आठे? छत्तीसाशे, म्हणजे 136. त्याने मोबाइलवर ताडून पाहिलं, डोळे मोठे केले. मग विचारलं, एकोणीस गुणिले एकोणीस? आता आपला पाढा दाहेला संपतो. मी मनातल्या मनात 380तून 19 वजा केले आणि एकदम सहज आवाजात म्हटलं, 361. त्या दिवसापासून जिन्यात भेटला की आधी वाकून नमस्कार आणि मग लगेच गुणाकार.

जाण्याआधी पाढ्यांची एकदा उजळणी करून घ्या. तेरा आणि सतरा तर हमखास विचारतात.