दाखवण्याआधी अर्ज टाका

स्वतः शोधलेलं नवं पेरणी यंत्र प्रदर्शनात मांडायची घाई करू नका. आधी ‘इनपास’वर, म्हणजे भारतीय पेटंट कार्यालयाच्या ऑनलाइन शोध यंत्रणेवर, जुन्या पेटंटचा फुकट शोध घ्या, मग तात्पुरता पेटंट अर्ज टाका: फॉर्म 1 आणि 2, व्यक्तीला ऑनलाइन 1,600 रुपये. पुढच्या 12 महिन्यांत पूर्ण तपशील द्यावाच लागतो, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात.

वर्णनात बरेच जण फसतात. ‘बी समान अंतरावर पडतं’ एवढं पुरत नाही; चकतीला भोकं किती, कोणत्या मापाची, साखळी कुठे जोडली, सगळं लिहा. जे लिहिलं नाही, त्याला तात्पुरत्या अर्जाची तारीख मिळत नाही.

ओळखींसाठी पुण्यात एनसीएलचं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) व्हेंचर सेंटर, म्हणजे नव्या उद्योगांना मदत करणारं केंद्र, गाठा. गावात स्वतः घडवलेलं अवजार असेल तर नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनला, म्हणजे तळागाळातल्या संशोधकांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवा. फॅब्रिकेटरला ड्रॉइंग देताना मात्र गोपनीयतेच्या करारावर सही घ्या, अगदी घरोब्याचा असला तरी.