कम्युनिटी कॉलेजमधून आर्ट: स्टुडिओचे क्लास मागे ठेवू नका

प्रश्न: ताई, आम्ही सॅन होजेला राहतो, मुलगी बारावीत आहे आणि तिला आर्टच करायचंय, दिवसभर आयपॅडवर कॅरेक्टर्स काढत बसलेली असते. प्रायव्हेट आर्ट स्कूलची फी बघून पोटात गोळाच आला, म्हणून दोन वर्षं इथलं कम्युनिटी कॉलेज आणि मग ट्रान्सफर असा विचार चाललाय. मिस्टरांना वाटतं हे दिसायला कमी दिसेल. मैत्रिणी म्हणतात आधी जनरल एज्युकेशनचे सगळे विषय उरकून घ्या, आर्टचं काय ते मोठ्या कॉलेजात होईलच. काय करावं?
– एक आई

उत्तर: मिस्टरांना सांगा की डिग्रीवर नाव येतं ते शेवटी जिथून ग्रॅज्युएट होईल त्या युनिव्हर्सिटीचं. आणि पैशाचा हिशोब तर तुम्हीच करून बघा, कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटमागे (युनिट म्हणजे क्लासचं क्रेडिट) ४६ डॉलर, म्हणजे ट्रान्सफरला लागणारी ६० युनिटं २,७६० डॉलरमध्ये होतात (डी अँझासारख्या क्वार्टर सिस्टिमच्या कॉलेजात, जिथे युनिट लहान असतं, ३१ डॉलरने ९० युनिटं, जवळपास तेवढेच), वर हेल्थ फी, पुस्तकं आणि रंग-कागदाचा खर्च, तो थोडा नसतो हे खरं, पण र्‍होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन या प्रायव्हेट आर्ट स्कूलची नुसती एका वर्षाची ट्युशनच ६० हजारांच्या वर आहे.

मैत्रिणींचं मात्र अजिबात ऐकू नका. हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय आणि आर्टच्या मुलांचं त्यात खरंच नुकसान होतं. बघा, मुलगी येत्या फॉलला सुरू झाली तर दोन वर्षांनी ट्रान्सफर व्हायला तिला युसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा) अर्ज पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरावा लागणार, म्हणजे दुसरं वर्ष नुकतं सुरू झालेलं असेल आणि हातात असेल ते फक्त पहिल्या वर्षाचं काम. ते पहिलं वर्ष इंग्लिश, स्टॅटिस्टिक्स, हिस्टरी यातच गेलं तर पोर्टफोलिओत (अर्जासोबत दाखवायच्या निवडक कामात) टाकणार काय? यूसीएलएच्या (युसीच्या लॉस एंजलिस कॅम्पसच्या) आर्टला तर पोर्टफोलिओ लागतोच.

दुसरं असं की हे क्लास एकावर एक रचलेले असतात. बहुतेक ठिकाणी ड्रॉइंगचा पहिला क्लास झाल्याशिवाय फिगर ड्रॉइंगला बसता येत नाही, म्हणून पहिल्याच टर्मला ड्रॉइंग आणि टू-डी डिझाइन घ्या, मग थ्री-डी, कलर, आणि आर्ट हिस्टरीचे सर्व्हे, म्हणजे ढोबळ आढावा घेणारे क्लास. पण एका टर्मला दोनच स्टुडिओ, त्यावर नको. तीन युनिटचा स्टुडिओ क्लास आठवड्याला साधारण सहा तास चालतो आणि घरी करायचं वेगळं, त्यामुळे कागदावर हलकं दिसणारं टाइमटेबल प्रत्यक्षात फार जड होतं. बाकीच्या जागेत जनरल एज्युकेशन बसवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बीए की बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) हे क्लास निवडायच्या आधी ठरवा. बीएफएमध्ये जवळपास दोन तृतीयांश अभ्यास आर्टचाच असतो, बीएमध्ये आर्ट कमी आणि बाकीचे विषय जास्त. युसीत आर्टला मुख्यतः बीए आहे, सॅन होजे स्टेट किंवा लाँग बीच स्टेटला बीएफएही आहे. ट्रान्सफरचा रस्ता बीएसाठी बराच सरळ आहे. स्टुडिओ आर्ट्सची ट्रान्सफरसाठीची दोन वर्षांची असोसिएट डिग्री केली तर कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, सॅन होजे आणि लाँग बीच त्यातलेच) कुठेतरी जागा पक्की मिळते, पण हव्या त्याच कॅम्पसला आणि हव्या त्याच मेजरला मिळेलच असं नाही. युसीचे सहा कॅम्पस (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ) ॲडमिशनची हमी देतात, ठरलेले क्लास आणि जीपीए असेल तर, पण काही मेजर्स त्यातून वगळलेले असतात म्हणून त्या वर्षीची यादी बघा. यूसीएलए, बर्कली, सॅन डिएगो यात नाहीत. कुठला क्लास कुठे चालतो ते असिस्ट डॉट ओआरजीवर कॉलेजप्रमाणे मिळतं, काउन्सेलरकडे जायच्या आधी मुलीनेच ते उघडून बघावं.

प्रायव्हेट आर्ट स्कूलचं गणित वेगळं. तिथे इंग्लिश, आर्ट हिस्टरीचे क्रेडिट बऱ्यापैकी घेतात पण स्टुडिओचे क्रेडिट नुसत्या ट्रान्सक्रिप्टवर मोजत नाहीत, पोर्टफोलिओ बघून ठरवतात की ही फर्स्ट इयरला बसवायची का सेकंडला. म्हणजे दोन अधिक दोनऐवजी दोन अधिक तीन वर्षं होऊ शकतात आणि ते तिसरं वर्ष ६० हजारांचं असतं. म्हणून म्हणते, ती दोन वर्षं चित्रांत गेली पाहिजेत, नुसत्या युनिटांत नाही.

आणि आयपॅडवरची कॅरेक्टर्स काढणं थांबवू नका, त्यातच तिचा जीव आहे. फक्त समोर बसलेला माणूस, खुर्ची, स्वतःचा हात हेही बघून काढायला लागू दे, कारण पोर्टफोलिओ बघणारे प्रत्यक्ष बघून काढलेलं काम शोधतात, फोटोवरून उतरवलेलं त्यांना लगेच कळतं. नॅशनल पोर्टफोलिओ डे म्हणून कार्यक्रम असतात, फुकट असतात, बऱ्याच कॉलेजांची माणसं समोर बसून काम बघतात आणि ट्रान्सफरवाल्यांनाही येऊ देतात. तिने अर्जाच्या एक वर्ष आधीच जावं, म्हणजे ऐकलेलं सुधारायला वेळ राहतो.

प्रश्न: ताई, मी न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजला दुसऱ्या सेमिस्टरला आहे. माझी चारकोलची मोठी चित्रं आहेत, फोटो काढले की राखाडी आणि वाकडे येतात. – एक विद्यार्थी

उत्तर: ढगाळ दिवशी खिडकीजवळ, फ्लॅश बंद, चित्र भिंतीला सपाट लाव आणि कॅमेरा बरोबर मध्यावर, चित्राला समांतर धर. फोन असेल तर थोडं लांब उभं राहून झूम कर, जवळून कडा वाकतात. राखाडी येतं कारण कॅमेरा पांढऱ्या कागदाला गडद करतो, एक्स्पोजर थोडं वाढव. फोटो फिक्सेटिव्ह (चारकोल कागदावर पक्का बसवणारा स्प्रे) मारायच्या आधी काढ, त्याने टोन जरा गडद होतात, आणि फिक्सेटिव्ह घरात नको, बाहेर मोकळ्या हवेत. साइज, माध्यम आणि वर्ष त्याच दिवशी लिहून ठेव, अर्जात चित्रागणिक विचारतात.