प्लॉटच्या आधी पाणी बघ

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. आर्किटेक्ट म्हणून पहिल्याच नोकरीत तुझ्या टेबलावर उतारावरच्या व्हिलांचं काम आलं, जमीन ऑर्चर्ड (बागायत) झोनमधून सेटलमेंट (वस्ती) झोनमध्ये गेलेली, आणि तुझ्या मनाला ते पटत नाही. शिवाय नोकरी सोडून मास्टर्सला जावं का, हेही विचारलंस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जरूर जा, पण इथला एक पावसाळा साइटवर काढून जा.

पहिला प्रश्न मोठा आहे. कागद बघायला तुला आता जमतं: एक-चौदाचा उतारा (जमीन कुणाच्या नावावर त्याची नोंद), सर्व्हे प्लॅन, झोन, सनद (बिगरशेती परवाना), एफएआर (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण). हे सगळं हाती आलं की ऑफिसात ड्रॉइंग सुरू होतं. माझं सांगणं एवढंच, की या जमिनीवर पडणारं पाणी आज कुठे जातं आणि बांधकामानंतर कुठे जाईल, हे कळेपर्यंत रेघ ओढू नकोस. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं पठार, तो पिऊन घेतो, पाणी आतून मुरत खाली उतरतं आणि पायथ्याशी झर होऊन बाहेर येतं. पणजीत आल्तिनो टेकडीच्या पायथ्याला, मळा भागात, अशी झर तू पाहिलीच आहेस. डोंगर कापून वर पेव्हर बसवले की पावसात खालच्या घरांत चिखल शिरतो आणि मे महिन्यात त्याच घरांच्या विहिरी तळ गाठतात. एखाद्या वाड्यावर टँकर येताना दिसला, तर वर सड्यावर काय बांधलंय ते आधी बघून ये.

हे पाणी शेवटी येतं खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत. खाजन समजल्याशिवाय गोव्यात प्लॅनिंग करू नये, असं माझं ठाम मत आहे. मांडवी-झुवारीच्या काठाने आणि त्यांच्या खाड्यांलगत अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आपल्या पूर्वजांनी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखली. बांधाला मानस, म्हणजे पाण्याची झडप, असते. तिची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतलं पाणी चढं झालं की उघडतात. कॉलेजात हे ‘पारंपरिक शेतीपद्धती’ म्हणून शिकवून पुढे जातात. मानशीजवळ उभं राहून बघितलंस तर तुला त्यात शहराचं गणित दिसेल. समज, मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली. दारं मिटलेली आहेत, डोंगरावरून पाणी येतंच आहे. ओहोटी लागेपर्यंतचे काही तास ते राहणार कुठे? भाताच्या खाचरांत आणि पोंयीत, म्हणजे खाजनातल्या पाण्याच्या खोलगट जागेत. तेवढ्यासाठी ती जागा मोकळी ठेवलेली असते. तिथे खारं पाणी सोसणारा कोरगूट भात पिकवला, मानशीतली मासळी लिलावाने दिली, बांधाची डागडुजी गावकरीने, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेने, अंगावर घेतली, म्हणून ती व्यवस्था शेकडो वर्षं टिकली. नकाशावर मात्र ही जागा रिकामी दिसते आणि रस्त्याची आखणी करणाऱ्याचा हात बरोबर तिच्यावर जातो. तिथे मीटरभर भराव पडला, की तेवढं पाणी शेजारच्या वाड्यात जाणार. वरची गटारं कितीही रुंद केलीस तरी दारं मिटलेली असताना त्यांचा उपयोग नाही.

पणजी १८४३ मध्ये राजधानी झाली ती माडांच्या आणि दलदलीच्या जागेत भर घालून. आजही भरती आणि जोराचा पाऊस जुळून आला, की तिथल्या ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर पाणी साचतं. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी आवळलेल्या मिठी नदीने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. कोलंबोने शहरातल्या पाणथळ जागा पूर शोषून घेणारी जागा म्हणून धरून ठेवल्या आणि २०१८ मध्ये त्या शहराला रामसर कराराखाली पाणथळ शहराचा दर्जा मिळाला. परदेशी शिकायला जाण्यापूर्वी कोलंबो बघून ये. आपल्यासारखाच पाऊस, आपल्यासारखीच गर्दी, पैशाची ओढाताणही तशीच.

आता झोनचं. २००६ मध्ये ‘प्रादेशिक आराखडा २०११’ विरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला, हे तुझ्या लहानपणीचं. त्यानंतर २०२१ चा आराखडा झाला, वास्तुविशारद चार्ल्स कुरैया त्या कामात होते, आणि गावोगावचे नकाशे ग्रामसभांपुढे ठेवले गेले. अपुरा असेल, पण लोकांना विचारून केलेला होता. पुढे नगरनियोजन कायद्यात १६ब, १७(२), ३९अ अशी कलमं येत गेली आणि एकेका प्लॉटचा झोन सुटा-सुटा बदलायची वाट मोकळी झाली. माझा राग आहे तो या सुटेपणावर. एका प्लॉटने काही बिघडत नाही असं प्रत्येक फाइल म्हणते. पण पाणी फाइलीगणिक वाहत नाही. आख्ख्या डोंगराचं, आख्ख्या ओहोळाचं एकत्र काय होईल, हा प्रश्न कुठल्याच फाइलीत येत नाही. तो तुला आणावा लागेल.

बांधूच नये, असं मी म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के वस्ती शहरी निघाली, देशातल्या राज्यांत सर्वांत जास्त. त्यातली कितीतरी ‘शहरं’ कारभाराने अजून पंचायतीच आहेत. इमारती शहराच्या आणि सांडपाण्याची सोय गावाची, म्हणजे सोक पिट (शोषखड्डा). सच्छिद्र जांभ्यात सोक पिट आणि विहीर जवळजवळ आली की काय होतं, ते तुला सांगायला नको. माणसांना घरं हवीतच. झुवारीनगरात किंवा मडगावच्या मोती डोंगरावर राहणाऱ्या कामगाराला तर सर्वांत आधी. ती घरं पणजी, मडगाव, फोंडा, म्हापसा इथे, जिथे नळ, बस आणि बाजार आहे तिथे, दाटीने आणि चार मजले उंच बांधावीत. सर्वांत जास्त जागा खातात त्या डोंगरावर विखुरलेल्या, वर्षातले दहा महिने कुलूप असलेल्या व्हिला. त्यांच्या दर्शनी बाजूला बल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) चिकटवून त्या गोव्याच्या होत नाहीत. बल्कांवावर बसलं की रस्त्यावरून जाणाऱ्याशी बोलता यायला हवं, आणि या व्हिलांच्या पुढे तर आठ फुटांची कंपाउंड वॉल. कांपालची कला अकादमी बघ: इमारत बुटकी, मधला पडवीसारखा भाग थेट नदीपर्यंत मोकळा, आणि तिकीट न काढता कुणीही तिथे बसावं.

तुझ्या कामाकडे येतो. बॉसकडे कंटूर प्लॅन माग. मिळाला नाही तर सर्व्हेअरला घेऊन स्वतः काढ. पाऊस पडत असताना साइटवर जा, पाण्याच्या वाटा त्यावर लाल रंगात काढ, आणि खालच्या घरांतल्या बायकांना विहिरीचं विचार. पाणी कुठल्या महिन्यात कुठवर असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. मग मीटिंगमध्ये वाद न घालता तो नकाशा पुढे ठेव. बांधकाम चढाच्या वरच्या भागातून हलवता येतं, घरं जोत्याऐवजी खांबांवर घेता येतात, ओहोळ मोकळा ठेवता येतो. क्लायंटला दर वर्षी दुरुस्तीचा खर्च दाखवलास तर तो बऱ्याचदा ऐकतो.

ऐकलं नाही तर तुझं म्हणणं ईमेलवर लेखी दे. आणि त्याच कायद्याच्या १७अ कलमाची परवानगी हातात नसताना डोंगर कापायचा किंवा सखल जमीन भरायचा विषय निघाला, तर त्या ड्रॉइंगवर सही करू नकोस. नोकरी जाईल अशी भीती वाटेल, मला ठाऊक आहे. पण आर्किटेक्ट कौन्सिलची नोंदणी तुझ्या नावावर आहे, ऑफिसच्या नाही.

गावात ग्रामसभा असेल तेव्हाही जा. पहिल्या दोन-तीन खेपा नुसतं ऐक. मग कोंकणीत, नकाशा उलगडून बोल.

कंटूर प्लॅन हाती आला की मला कळव. भरतीची वेळ बघून एका रविवारी आपण दोघं साइटवरून निघून ओहोळाच्या कडेने मानशीपर्यंत चालत जाऊ. चिखलात चालायचे बूट आण.

तुझे,
सर