सायकलीला कोणत्या रंगाचा दिवा लावावा?

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहतो. माझा मुलगा पहाटे अंधारातच मित्रांबरोबर गायमुखाकडे सायकल चालवायला जातो. त्याने हँडलला लाल-निळा लुकलुकणारा दिवा आणि चाकांच्या तारांना हिरवे-जांभळे एलईडी लावले आहेत. मध्यंतरी एका वाहतूक हवालदारांनी त्याला हँडलवरचा दिवा काढायला लावला. दुकानदार मात्र म्हणतात की सायकलीला कायदाच लागू नाही. खरे काय समजावे? कपडे आणि हेल्मेट यांच्या रंगांवरही काही बंधन आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दुकानदारांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ‘मोटार वाहना’ची व्याख्या यंत्रशक्तीवर चालणाऱ्या वाहनांपुरती असल्याने पायडलवर चालणारी साधी सायकल तिच्यात बसत नाही. त्यामुळे तिला नोंदणी, परवाना आणि विमा लागत नाही, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील दिव्यांचे नियमही तिला थेट लागू होत नाहीत. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील ‘वाहन’ या शब्दात सायकल स्पष्टपणे समाविष्ट आहे, आणि रस्त्यावरील वाहनांना किती दिवे असावेत, ते कुठे असावेत व कोणत्या वेळेत लावावेत याविषयी नियम करण्याचा अधिकार त्याच अधिनियमाने पोलीस आयुक्तांना दिला आहे. बिनदिव्याची सायकल पोलिसांनी अडवल्याचे अनेक ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल.

आता रंगांविषयी. केंद्रीय नियमांतील नियम १०८ चे मूळ सूत्र असे आहे की मोटार वाहनाने पुढे लाल दिवा दाखवू नये आणि मागे लाल सोडून दुसरा दिवा दाखवू नये. इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा आणि नंबरप्लेटवरचा दिवा असे मोजके अपवाद त्याला आहेत. रस्ता वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात, ज्यात भारत १९८० साली सामील झाला, सायकलीसाठीही हीच रीत सांगितली आहे : पुढे पांढरा किंवा पिवळसर दिवा, मागे लाल दिवा व लाल रिफ्लेक्टर. यामागचे कारण अगदी व्यवहारातले आहे. अंधारात मागून येणाऱ्या ट्रकचालकाला सायकल दिसत नाही, फक्त प्रकाशाचा एक ठिपका दिसतो. ती सायकल आपल्याच दिशेने पुढे चालली आहे की समोरून अंगावर येत आहे, हे त्याला त्या ठिपक्याच्या रंगावरूनच ठरवायचे असते. पुढे लाल दिवा लावला की समोरच्याचा नेमका तोच अंदाज चुकतो.

लाल-निळ्या दिव्याची बाब याहून गंभीर आहे. २०१७ च्या मे महिन्यापासून मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, आणि लाल, निळा व पांढरा असा बहुरंगी दिवा पोलीस, अग्निशमन दल यांसारख्या आपत्कालीन कामावरील वाहनांपुरताच राहिला. हा दिवा दिसला की लोक वाट देतात. हौसेखातर तो कुणीही लावू लागला तर खऱ्या बंबालाही वाट मिळेनाशी होईल. म्हणून त्या हवालदारांनी जे सांगितले ते योग्यच होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा दिवा पुन्हा लावू नये.

चाकांतील एलईडींवर केंद्रीय नियमांत सायकलीसाठी नाव घेऊन बंदी नाही. बाजूने येणाऱ्या वाहनाला चाक दिसावे, एवढा त्यांचा उपयोग आहे. मात्र मागच्या बाजूने हिरवा किंवा निळा प्रकाश ठळक दिसत असेल तर ते काढून तारांना पांढरे किंवा पिवळे रिफ्लेक्टर लावणे चांगले. मागचा लाल दिवा सीटखाली बसवावा आणि त्यावर पिशवी किंवा जाकिटाचे टोक येत नाही ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. पुढचा दिवा थोडा खाली झुकवावा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. दिवा सतत इतक्या वेगाने लुकलुकत असेल की अंतराचा अंदाज लागत नाही, तर तो स्थिर ठेवावा.

कपड्यांच्या व हेल्मेटच्या रंगांवर सर्वसाधारण बंधन नाही. साध्या सायकलीला हेल्मेटची कायदेशीर सक्तीही नाही, तरी ते घालावेच. अपवाद एवढाच की लोकसेवकाचा वा सैनिकाचा पेहराव लोकांची तशी समजूत व्हावी या हेतूने घालणे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. फ्लोरोसंट पिवळा रंग दिवसा आणि तिन्हीसांजेला उठून दिसतो, पण रात्री हेडलाइटच्या झोतात चमकते ती चंदेरी परावर्तक पट्टी. ती पाठीवर असावीच, शिवाय घोट्यांवरही बांधावी. वर-खाली होणाऱ्या पायांवरून पुढे सायकलस्वार आहे हे चालकाच्या लगेच लक्षात येते.

प्रश्न : मी नेरूळहून पाम बीच रोडने बॅटरीच्या सायकलीवर कामाला जातो. मला हेच नियम लागू आहेत का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : मोटारची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी असेल, ताशी २५ किलोमीटरच्या आत तिचे साहाय्य थांबत असेल आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंपेक्षा अधिक नसेल, तर आपली सायकल मोटार वाहन ठरत नाही. मात्र ही सवलत देतानाच केंद्रीय नियमांनी योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असण्याची अट घातली आहे. त्यामुळे मागचा रिफ्लेक्टर तुटला असेल तर तो आधी बदलून घ्यावा. वेगमर्यादा काढून टाकणारा बदल दुकानातून करून घेतला असेल, तर ही सवलत उरत नाही. मग नोंदणी, परवाना व विमा या तिन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.