स्कॉर्सेसींचा 'सायलेन्स' इतकी वर्षं का रखडला?

अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसींनी १९८९ साली मनावर घेतलेला चित्रपट २०१६ मध्ये प्रदर्शित झाला, तो निर्माते मिळत नव्हते म्हणूनच का, असा प्रश्न आहे. पैशाची अडचण होतीच, पण माझ्या मते मूळ गाठ पटकथेत होती.

चित्रपट ज्यावर बेतला ती शुसाकु एन्दो या जपानी कॅथलिक लेखकाची कादंबरी १९६६ ची. सतराव्या शतकात जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना दोन तरुण जेझुइट (कॅथलिक चर्चमधल्या एका धर्मसंघाचे) पाद्री चोरून तिथे उतरतात. आपल्या गुरूने धर्म सोडल्याची बातमी त्यांना खरी वाटत नसते. तो गुरू, फेरेरा, इतिहासात खरोखर होऊन गेला. १६३३ मध्ये खड्ड्यात उलटं टांगून त्याचा छळ झाला आणि त्याने धर्म सोडला. त्या दोघांपैकी नायक रोद्रिगेसही जुझेप्पे कियारा या इटालियन जेझुइटावर बेतलेला आहे.

स्कॉर्सेसींच्याच 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट' या चित्रपटावर वादळ उठलं होतं, त्या १९८८ च्या सुमारास न्यूयॉर्कचे बिशप पॉल मूर यांनी स्कॉर्सेसींना ही कादंबरी दिली. पुढच्या वर्षी जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या 'ड्रीम्स'मध्ये चित्रकार व्हॅन गॉग साकारायला ते जपानला गेले आणि तिथेच त्यांनी ती वाचून संपवली. पटकथाकार जे कॉक्स यांच्यासोबत पटकथेचा पहिला खर्डा नव्वदीच्या सुरुवातीला झाला, पण मनासारखा उतरला नाही. साहजिकच आहे. धर्म सोडणारा माणूस श्रद्धा हरवतो की आणखी खोलवर नेतो, हे दिग्दर्शकाला आतून उमगल्याशिवाय शेवट लिहिता येणार नाही. पटकथा हाती लागेपर्यंत दीड दशक गेलं. मग हक्कांचे गुंते. हा चित्रपट बाजूला ठेवून दुसरेच केले, म्हणून एका निर्मितीसंस्थेने २०१२ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. तो २०१४ मध्ये मिटला. दरम्यान डॅनियल डे-लुइस, बेनिसिओ देल तोरो या नटांची नावं भूमिकांसाठी येऊन गेली.

चित्रीकरण २०१५ मध्ये झालं, तेही जपानमध्ये नाही तर तैवानमध्ये, कारण खर्च आवाक्यात राहत होता. काम सुरू होण्याच्या तोंडावर तैपेईतल्या स्टुडिओत जुन्या बांधकामाचा भाग कोसळून एका कामगाराचा जीव गेला. चित्रपटाच्या कौतुकात हे सहसा कुणी सांगत नाही, सांगायला हवं.

रोद्रिगेस साकारणाऱ्या अँड्र्यू गारफिल्डने जेम्स मार्टिन या जेझुइट पाद्रींकडे सुमारे वर्षभर जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस यांनी घालून दिलेली आध्यात्मिक साधना केली आणि वेल्समध्ये मौनाचं शिबिरही. दुसऱ्या पाद्रीच्या भूमिकेतल्या अ‍ॅडम ड्रायव्हरने वीस किलोहून अधिक वजन उतरवलं. मोकिची या गावकऱ्याची भूमिका करणारा शिन्या त्सुकामोतो स्वतः नावाजलेला दिग्दर्शक आहे. लाटांमध्ये क्रुसावर बांधलेला त्याचा प्रसंग पाहताना हे लक्षात ठेवा. छायालेखक रोद्रिगो प्रिएतोंनी बहुतेक भाग फिल्मवर टिपला, रात्रीच्या अंधुक प्रसंगांसाठी डिजिटल कॅमेरा घेतला. ऑस्करचं एकमेव नामांकन त्यांनाच मिळालं. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच; किड्यांची किरकिर, वारा, समुद्र. ईश्वराच्या मौनावरच्या चित्रपटात व्हायोलिन घुसवलं नाही, हा मला त्यातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.

पहिला मोठा खेळ रोममध्ये जेझुइटांसमोर झाला. तिकीटबारीवर मात्र खर्चही निघाला नाही.

आपल्याकडचा धागाही यात आहे. अंजिरो या जपानी माणसाचा बाप्तिस्मा १५४८ मध्ये गोव्यात झाला, आणि त्यालाच सोबत घेऊन जेझुइट धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला पोचले. जुन्या गोव्यात ज्यांच्या शवदर्शनाला गर्दी लोटते, तेच हे झेवियर. चित्रपटातल्या छळाची कहाणी त्या मोहिमेपुढच्या शतकातली.

जमल्यास मासाहिरो शिनोदांचा याच कादंबरीवरचा १९७१ चा जपानी चित्रपटही पाहा. त्याच्या पटकथेत एन्दोंचा स्वतःचा हात होता, तरी शेवट पुष्कळ वेगळा आहे. स्कॉर्सेसी शेवटाशी इतकी वर्षं का झगडत राहिले, ते दोन्ही पाहिल्यावर नेमकं कळतं.