लसूणघास वाळवायला आधी बेलर घ्यावा की दुसरं काही?

चोपड्याच्या भाऊंनी विचारलंय की चार एकर लसूणघास आहे, मार्च-एप्रिलात कापतात, दोन-तीन दिवसांत वरून खडखडीत वाळतो, तरी गंजीत बुरशी धरते. गोळा करताना निम्मा पाला जमिनीवरच राहतो. मग बेलर घेतला तर काम होईल का?

नाही होणार. बेलर गाठ बांधतो, घास वाळवत नाही. ओला देठ आणि कुरकुरीत पान त्याच्या तोंडात घातलं तर पिकअपखालीच, म्हणजे घास उचलणाऱ्या दातांखालीच, पाल्याचा चुरा होतो आणि गाठीत राहतात काड्या. लसूणघासाचं निम्म्याच्या आसपास कोरडं वजन पानात असतं आणि प्रथिनं तर सुमारे सत्तर टक्के पानातच. म्हणजे पाला गेला की गाय खाते ती वैरण कडब्यापेक्षा थोडीशीच बरी.

आपल्याकडे उन्हाची कमतरता नाही. तापीकाठी एप्रिलात पारा 42-43 वर असतो. अडचण अशी की पान काही तासांत वाळतं आणि देठ मात्र मेणचट सालीआड पाणी धरून बसतो. तुम्ही पानाकडे बघून 'झालं' म्हणता आणि गंज रचता. मग देठातलं पाणी गंजीच्या पोटात सुटतं. त्यामुळे खानदेशात यंत्र निवडताना एकच प्रश्न विचारायचा: हे यंत्र पान आणि देठ बरोबरीने वाळवायला मदत करतं का?

आधी पाण्याचा हिशोब बघा. कापताना घासात सुमारे 80 टक्के पाणी असतं आणि साठवायला 15 टक्क्यांपर्यंत यायला हवं. एक टन वाळला घास हवा तर सव्वाचार टन हिरवा कापावा लागतो आणि जवळपास 3,250 लिटर पाणी उडवावं लागतं. यातला पहिला हिस्सा सोपा असतो. कापल्यावरही पानाची रंध्रं उजेडात काही वेळ उघडी राहतात आणि तिथून पाणी झपाट्याने जातं. घास ढिगात दाबला गेला, अंधारात पडला, की रंध्रं मिटतात. म्हणून कापलेला पट्टा रुंद पडायला हवा, कापणीच्या रुंदीच्या निदान 70 टक्के.

इथेच आपल्याकडची सोय आड येते. गव्हाचा रीपर बरेच जण घासालाही लावतात. तो माल एका बाजूला अरुंद ओळीत लावून देतो, गव्हाला ते छान, घासाला वाईट. रीपरच वापरायचा असेल तर मागोमाग दोन माणसं दाताळं घेऊन ओळ पसरायला हवीत, त्याच तासात. त्यापेक्षा ट्रॅक्टरला कटरबार किंवा डिस्क मोअर (घास कापायचं यंत्र) लावा आणि पट्टा अरुंद करणाऱ्या पाट्या काढून ठेवा. पऱ्हाटीचा श्रेडर मात्र घासात घालू नका, कुणी कितीही सांगो. तो पान फाडतो, माती ओढतो आणि बुडखे पिंजून ठेवतो, पुढची फूट मागे पडते. कापणी तीन इंच वर ठेवा. सड उभे राहिले की पट्टा त्यांच्यावर तरंगतो आणि खालून वारा फिरतो.

आता खरं यंत्र, कंडिशनर. मोअरच्या मागे दोन रोलर असतात, त्यातून घास जाताना देठ ठिकठिकाणी चेपला जातो, साल फुटते आणि देठातल्या पाण्याला वाट मिळते. लसूणघासासारख्या द्विदल पिकात वाळण्याचा काळ साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. रोलरचाच घ्या. बोटांचा, म्हणजे झोडपणारा कंडिशनर ओट किंवा मारवेलसारख्या गवताला चालतो, लसूणघासाचा पाला तो झाडून टाकतो. रोलरमधली फट दीड ते अडीच मिलीमीटर हवी. मोजायची युक्ती: ट्रॅक्टर बंद, पीटीओ (ट्रॅक्टरमागचा, यंत्राला फिरवणारा दांडा) सुटलेला, स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची सैल गुंडाळी करून रोलरमध्ये ठेवायची, हाताने रोलर फिरवून बाहेर काढायची आणि दाबलेली जाडी मोजायची. शेतात तपासायचं तर मूठभर घास उचला. दहातल्या नऊ देठांवर चेपल्याची खूण दिसली पाहिजे, पण पानं काळवंडलेली शेकड्यात पाचाहून जास्त नकोत.

हे मोअर-कंडिशनर आपल्या भागात सहजी दिसत नाहीत आणि चार एकरांसाठी एकट्याने घेणं मला तरी परवडणारं वाटत नाही. तुमच्या पट्ट्यात दहा-बारा जण लसूणघास करत असतील तर गटाने घ्या. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, यंत्रांसाठी आणि अवजारे बँकेसाठी अर्ज होतात, पण मंजुरीच्या आधी खरेदी करू नका.

बेदाणेवाले द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, हे ऐकलं असेल. सालीवरचं मेण मोडून पाण्याला वाट करून देणं हाच त्यातला हेतू. परदेशात लसूणघास कापताना नुसत्या कार्बोनेटचं पाणी फवारतात, तेल नाही. चालतं, पण एकरी पाणी फार लागतं आणि गवताला उपयोग नाही. आपल्या उन्हात मी त्यामागे लागणार नाही.

टेडर म्हणजे घास उलथवून पसरवणारं यंत्र. कोकणात कामाचं, इथे उन्हाळ्यात लसूणघासाला बहुतेक वेळा नकोच. वापरायचाच तर कापल्यावर पहिल्या काही तासांत, पान नरम असताना. थंडीत ओट वाळवताना, दव जड असेल तेव्हा त्याचा फायदा दिसतो.

वाळत आलेला घास ओढून ओळी करायला रेक, म्हणजे यंत्राचं दाताळं, लागतोच आणि पहिला खर्च मी इथे करीन. व्हील रेक स्वस्त, चाकं जमिनीवर घासून फिरतात, पण आपल्या काळ्या रानातली ढेकळं-माती तोही ओळीत गोळा करतो. दात जमिनीला जेमतेम टेकतील एवढेच खाली ठेवा. रोटरी रेक पीटीओवर चालतो, माल स्वच्छ राहतो, किंमत जास्त. यंत्र कुठलंही असो, वेळ महत्त्वाची. घासात 40 टक्क्यांच्या आसपास ओल असतानाच ओळी करा. त्याहून वाळला असेल तर पहाटे, हवेत ओल असते आणि पान वाकतं, तुटत नाही. दुपारी बारा वाजता रेक चालवला की उरलेली प्रथिनं शेताला खत म्हणून मिळतात. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात तर गाठीही रात्री बांधतात, याच कारणाने. बेलर भाड्याने आणलात तर मालकाला पहाटे चारला बोलवा. कुरकुर करील, थोडे जास्त द्या.

ओल किती आहे हे पानावरून नाही, देठावरून ओळखायचं. नखाने साल खरवडा. सोलून निघाली तर थांबा. आणखी खात्री हवी तर काचेच्या कोरड्या बरणीत घासाचे तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन मिनिटं हलवा. मिठाचे गोळे झाले तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे.

गंज किंवा गाठी रचल्यावर पहिले दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. लोखंडी सळई आत खुपसून वीस मिनिटांनी काढा. हाताला धरवत नसेल तर गंज उघडून गाठी पसरा. आत 65 अंशांच्या वर गेलं की धोका सुरू होतो, घास स्वतःहून पेटू शकतो. तंबाखूसारखा वास येणारा तपकिरी घास जनावरं आवडीने खातात म्हणून समाधान मानू नका, त्यातली प्रथिनं उष्णतेने बांधली गेलेली असतात आणि शेणातून निघून जातात.

जून ते सप्टेंबरची कापणी वाळवायच्या भानगडीत पडू नका. ती हिरवी खाऊ घाला, नाहीतर दोन-चार तास सुकवून मक्यासोबत मुरघास करा. नेपिअर गवताचंही तेच, त्याचा जाड दांडा कुट्टी आणि मुरघासालाच बरा.

ट्रॅक्टर किती एचपीचा आहे आणि आसपासच्या गावांत मिळून लसूणघास किती एकर निघेल ते कळवा. 35 एचपीच्या खाली असेल तर कंडिशनरचा विषय वेगळा बोलावा लागेल.