उसना कामगार, भरपाई कोणाची?

देवगडच्या एका कॅनिंग व्यावसायिकांनी विचारलं आहे: मे 2025 मध्ये पल्पच्या ऐन गर्दीत शेजारच्या काजू कारखान्यातून सहा माणसं आणली. पगार आणि हजेरी तिकडेच. डबे सील करायच्या यंत्रात एकाच्या तर्जनीची दोन पेरी गेली. वीस हजार देऊन कागदावर सही घेतली. आता तो भरपाई मागतोय. 'कामगार त्यांचा, मी का देऊ?'

पगार कोण देत होतं, हे सोडा. कर्मचारी भरपाई कायदा, 1923 मध्ये कलम 2(1)(ई) ला मालकाची व्याख्याच अशी आहे: कामगार तात्पुरता उसना किंवा भाड्याने दिला असेल, तर तो ज्याचं काम करत असेल तोच तेवढ्या काळापुरता मालक. त्या दिवशी मालक तुम्ही होता. काजू कारखान्याने तुम्हाला दिलेली 'जबाबदारी आमची' ही चिठ्ठी तुमच्या दोघांच्या हिशेबात कदाचित चालेल; कामगाराला ती बांधत नाही. या कायद्याच्या जागी आलेली नवी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 ची, अपघात त्याआधीचा. म्हणून माझ्या मते जुनाच कायदा लागेल.

आता आकडा. वय पूर्ण 30, पगार 18,000 असं तुम्ही लिहिता. पण या कायद्यात हिशेबाला जास्तीत जास्त 15,000 च धरतात. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले 207.98 (वय 30 साठी कायद्यातला आकडा), त्याच्या 11 टक्के (तर्जनीच्या दोन पेरांसाठी कायद्याने ठरवलेले), म्हणजे सुमारे 2,05,900 रुपये. दवाखान्याचा खर्च वेगळा.

ही रक्कम अपघातानंतर महिन्याभरात द्यायची होती. तुम्ही 'बघू' म्हणत बसलात. तेव्हापासून 12 टक्क्यांनी व्याज चढतंय, दर महिन्याला 2,059 रुपये, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. तो सहीचा कागद या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवला नाहीत, म्हणून त्याचा आधार नाही. उलट, आयुक्तांनी वेगळा आदेश दिल्याशिवाय त्या वीस हजारांतले निम्मेच वजा होतील (कलम 29).

एकच वाट सुटकेची: काजू कारखान्याने त्याचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) भरला असेल, तर ईएसआय कायद्याच्या कलम 53 मुळे हा दावाच चालत नाही. विमा क्रमांक आजच विचारा. तुमच्या विमा पॉलिसीत ही उसनी माणसं दाखवली होती का, तेही बघा, बहुधा नसतील. ईएसआय नसेल तर नोटिशीची वाट न बघता रक्कम व्याजासह आयुक्तांकडे जमा करा आणि पावती घ्या. दावा लावायला त्याला मे 2027 पर्यंत मुदत आहे, आणि एकदा तारखा सुरू झाल्या की व्याज थांबत नाही.